एका दिवसात एकतीस कार्डिनल : १ जुलै १५१७ ची यादी कशी वाचावी

प्रश्न असा आहे : पोप लिओ दहावा याने १ जुलै १५१७ रोजी एकाच बैठकीत ३१ कार्डिनल नेमले. ही पदं सरळ विकली गेली, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं आहे का? आणि त्या काळात पोप 'कार्डिनल नेमायचा' म्हणजे नेमकं काय करायचा?

सोळाव्या शतकातला युरोप मी पंचवीसहून जास्त वर्षं शिकवतोय, आणि त्यातला मोठा काळ पोपच्या दरबारातल्या नेमणुका समजून घेण्यात गेला आहे. उत्तर आधीच सांगतो. पैसे घेतले गेले, यात शंका नाही. पण 'विकली' या एका शब्दावर थांबलात, तर त्या दिवसाची खरी गोष्ट हातातून निसटते. पोपला अडवू शकणारी जी एकमेव सभा रोममध्ये होती, तिची माणसंच लिओने त्या दिवशी बदलून टाकली. माझ्या मते पैसा हे त्याचं दुसरं कारण होतं, पहिलं नव्हे.

आधी कार्डिनल म्हणजे कोण ते पाहू. मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले, गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव २०२२ मध्ये झाले. त्यामुळे आपल्या डोळ्यासमोर येतो तो मोठ्या धर्मप्रांताचा, आयुष्यभर सेवा केलेला, पिकल्या केसांचा आर्चबिशप. १५१७ चा कार्डिनल असा असेलच असं नाही. तो पाद्री असायलाच हवा, असंही नव्हतं. कार्डिनलांच्या तीन पायऱ्या होत्या : बिशप, प्रीस्ट आणि डीकन. खालच्या पायरीवरचा डीकन कार्डिनल पाद्रीपदाची दीक्षा न घेताच वर्षानुवर्षं राहू शके. खुद्द लिओ तसाच होता. मार्च १५१३ मध्ये तो पोप निवडून आला, त्यानंतर घाईघाईने त्याला आधी पाद्रीपदाची आणि मग बिशपपदाची दीक्षा दिली गेली आणि मग राज्याभिषेक झाला.

या लोकांच्या हातात तीन गोष्टी होत्या. पोपची निवड तेच करायचे. पोपच्या अध्यक्षतेखाली भरणाऱ्या कॉन्सिस्टरीत, म्हणजे कार्डिनलांच्या सभेत, ते बसायचे आणि तिथे बिशपांच्या नेमणुकांपासून युद्ध-तहापर्यंत सगळं त्यांच्यासमोर यायचं. तिसरी गोष्ट लोक विसरतात : उत्पन्नातला वाटा. नवा बिशप किंवा मठाधिपती कॉन्सिस्टरीतून नेमला गेला की तो रोमला ठरावीक रक्कम भरायचा. तिचा अर्धा भाग पोपचा आणि अर्धा रोममध्ये हजर असलेल्या कार्डिनलांमध्ये वाटला जायचा. कार्डिनल वाढले की प्रत्येकाचा वाटा कमी आणि प्रत्येकाच्या मताचं वजनही कमी.

म्हणून कार्डिनलांना आपली संख्या कमीच हवी असे. बाझेलच्या धर्मपरिषदेने १४३६ मध्ये २४ ची मर्यादा घातली होती. पोपच्या निवडणुकीसाठी दारं बंद झाली की कार्डिनल आपसात करारनामा करायचे : आपल्यापैकी जो निवडून येईल त्याने आमच्या संमतीशिवाय नवे कार्डिनल करायचे नाहीत, ठरलेला आकडा ओलांडायचा नाही. सगळे सही करायचे. निवडून आलेला माणूस मात्र काही महिन्यांतच तो कागद बाजूला ठेवायचा. सिक्स्टस चौथ्याने आपल्या कारकिर्दीत ३४ कार्डिनल केले आणि त्यांत सख्खे-चुलत पुतणे-भाचे भरले. अलेक्झांडर सहावा, म्हणजे बोर्जा पोप, त्याच्याही पुढे गेला : ४३. त्याने १४९३ मध्ये नेमलेल्या बारा जणांत त्याचा स्वतःचा मुलगा चेझारे होता.

नेमणुकीची पद्धत साधी होती. पोप गुप्त कॉन्सिस्टरीत नावं मांडायचा. ज्येष्ठतेनुसार प्रत्येक कार्डिनलला मत विचारलं जायचं. शेवटचा शब्द पोपचा, पण उघड विरोध झाला तर तो मोडून काढणं सोपं नसे, कारण हीच माणसं रोज समोर बसायची. मग नव्या कार्डिनलला लाल टोपी मिळायची, अंगठी मिळायची आणि रोममधलं एखादं चर्च त्याच्या नावे लावलं जायचं. यातला 'तोंड बंद करण्याचा' विधी मला फार बोलका वाटतो. नवा कार्डिनल पहिल्यांदा सभेत आला की पोप प्रतीकरूपाने त्याचं तोंड बंद करायचा. त्याने बसायचं, ऐकायचं, बोलायचं नाही. पुढच्या एखाद्या बैठकीत पोप ते 'उघडायचा' आणि मगच त्याला मत मिळायचं. सभेत बोलण्याचा हक्क कोणाच्या हातून मिळाला, हे त्या माणसाने विसरू नये याचीच ती तजवीज होती.

कधीकधी पोप नाव जाहीर न करता मनातच ठेवायचा. लिओची स्वतःची नेमणूक अशीच झाली होती. त्याचं मूळ नाव जोव्हान्नी दे मेदिची, फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो याचा धाकट्यांपैकी एक मुलगा. पोप इनोसंट आठव्याला फ्रांचेस्केत्तो नावाचा मुलगा होता आणि त्याचं लग्न लोरेन्झोच्या मुलीशी, माद्दालेनाशी लागलं होतं. व्याह्याने व्याह्याचं काम केलं. मार्च १४८९ मध्ये जोव्हान्नी कार्डिनल झाला तेव्हा त्याचं वय तेरा होतं. इतक्या लहान मुलाच्या डोक्यावर लाल टोपी उघडपणे ठेवणं पोपलाही जड गेलं असावं. तीन वर्षं गुप्तता पाळायची अट होती. १४९२ मध्ये जाहीर विधी झाला आणि सोळा वर्षांचा कार्डिनल रोमला निघाला.

त्या वेळी लोरेन्झोने मुलाला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे आणि मी दरवर्षी ते वर्गात वाचून दाखवतो. रोम हे सगळ्या वाईटाचं डबकं आहे, सांभाळून राहा, असं बाप सांगतो. सकाळी लवकर ऊठ. जेवण साधं ठेव, व्यायाम कर. रेशीम आणि जडजवाहीर तुझ्या पदाला शोभत नाही, त्यापेक्षा जुन्या वस्तू आणि चांगली पुस्तकं जमव. मुलाला पद मिळवून देण्यासाठी ज्याने सगळी नाती वापरली, त्याच बापाने इतक्या मनापासून लिहिलेलं हे पत्र आहे. त्यानंतर महिन्याभरातच, एप्रिल १४९२ मध्ये, लोरेन्झो वारला. एकाच माणसात सौदा आणि श्रद्धा शेजारी-शेजारी नांदू शकतात, हे समजल्याशिवाय या काळातला एकही कागद नीट वाचता येत नाही.

आता १५१७ कडे येऊ. ते वर्ष लिओसाठी वाईट उजाडलं. त्याने आदल्या वर्षी उर्बिनो या इटलीतल्या छोट्या राज्याच्या ड्यूकला हाकलून तिथे आपल्या पुतण्याला, धाकट्या लोरेन्झोला, बसवलं होतं. १५१७ च्या सुरुवातीलाच हाकललेला ड्यूक, फ्रांचेस्को मारिआ देल्ला रोव्हेरे, फौज घेऊन परत आला आणि त्याने उर्बिनो घेतलं. युद्ध सप्टेंबरपर्यंत चाललं आणि त्याने तिजोरी कोरडी केली.

मे महिन्यात दुसरं प्रकरण फुटलं. अल्फोन्सो पेत्रुच्ची हा सिएनाचा पंचविशीतला कार्डिनल. त्याच्या भावाची सिएनातली सत्ता लिओने १५१६ मध्ये उलथवली आणि तिथे त्यांचाच चुलत भाऊ रफाएले पेत्रुच्ची याला बसवलं. अल्फोन्सो उघडपणे बोलत सुटला. त्याच्या चिटणिसाची पत्रं पकडली गेली आणि छळ करून जबानी घेतली गेली. आरोप असा की लिओला भगंदराचा त्रास होता, त्यावर उपचार करायला बात्तिस्ता दा व्हेर्चेल्ली नावाचा शस्त्रवैद्य पाठवायचा आणि मलमपट्टीतून विष घालायचं. अभयपत्र देऊन अल्फोन्सोला रोमला बोलावलं आणि १९ मे रोजी अटक केली. त्याच्याबरोबर कार्डिनल साऊली. दहा दिवसांनी रफाएले रिआरिओ, कार्डिनल मंडळातला सगळ्यात वजनदार माणूस. जूनमध्ये आणखी दोघांनी, सोदेरिनी आणि कास्तेल्लेसी यांनी, भर सभेत कबुली दिली.

कट खरोखर कितपत होता यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. माझं मत : अल्फोन्सोचा राग खरा होता, बोलणंही खरं होतं, पण बाकीच्यांचा गुन्हा बहुधा ऐकून गप्प राहण्यापुरताच होता. शिक्षा काय झाल्या ते पाहा. अल्फोन्सोला जुलैमध्ये कास्तेल सांत'आंजेलोच्या किल्ल्यात गळा आवळून मारलं. चिटणीस आणि वैद्य यांना त्याआधीच हालहाल करून मारलं होतं. रिआरिओवर दीड लाख डुकाटांचा (डुकाट म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) दंड बसला आणि रोममधला त्याचा भव्य वाडा गेला. तिथे पुढे पोपची चान्सेलरी, म्हणजे कागदपत्रांची कचेरी, आली आणि आजही तो वाडा 'पालात्सो देल्ला कान्चेल्लेरिआ' म्हणूनच ओळखला जातो. हाच रिआरिओ कोवळ्या वयात, १४७८ मध्ये, फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये हजर होता, जेव्हा मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना लिओच्या काकाचा खून झाला आणि बाप लोरेन्झो जखमी होऊन वाचला. मेदिची घराणं तो दिवस एकोणचाळीस वर्षं विसरलं नव्हतं.

पाच कार्डिनल एका महिन्यात आरोपी झाले आणि उरलेले भेदरलेले. नेमकी हीच वेळ लिओने साधली. जूनच्या अखेरीस त्याने नव्या नेमणुकांचा विषय काढला. जुन्या कार्डिनलांनी कुरकुर केली, पण किल्ल्यातल्या कोठड्या डोळ्यासमोर असताना ती कुरकुर किती टिकणार? १ जुलैला ३१ नावं जाहीर झाली. कार्डिनल मंडळ जवळजवळ दुप्पट झालं. इतक्या जणांना नावे लावायला रोममधली ठरलेली चर्चही पुरेनात, म्हणून त्याच आठवड्यात काही चर्चना नव्याने तो दर्जा द्यावा लागला.

माझ्या विद्यार्थ्यांना मी ही एकतीस नावं एकेका चिठ्ठीवर लिहायला लावतो आणि प्रत्येक चिठ्ठीमागे एकच प्रश्न : या टोपीने लिओची कोणती गरज भागली? तासाभरात टेबलावर ढीग पडतात. 'पैसा' असं लिहिलेला ढीग सगळ्यात मोठा होत नाही, हे पाहून मुलं दरवर्षी चकित होतात.

घरच्यांचा ढीग आधी पडतो. जोव्हान्नी साल्व्हिआती आणि निक्कोलो रिदोल्फी हे लिओच्या दोन बहिणींचे मुलगे. निक्कोलो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा. लुईजी दे रोस्सी हा आतेभाऊ. फ्रांचोत्तो ओर्सिनी आईच्या माहेरचा. मग रोमच्या जुन्या सरदार घराण्यांचा ढीग, आणि तिथे लिओचा हिशेब बारीक दिसतो : ओर्सिनीला टोपी दिली त्याच दिवशी त्यांच्या पिढीजात वैऱ्याला, पोम्पेओ कोलोन्नालाही दिली. कोंती, चेझारिनी, देल्ला व्हाल्ले, चेझी हेही रोमचेच. शहरातल्या रस्त्यांवर ज्यांची माणसं होती, त्या सगळ्यांना एकाच दिवशी उपकृत केलं. सिएनाच्या ढिगात एक नाव आहे जे वाचताना अंगावर काटा येतो : रफाएले पेत्रुच्ची. अल्फोन्सो किल्ल्यात शेवटचे दिवस मोजत होता आणि त्याच्या घराण्याची लाल टोपी त्याच्या भावाच्या जागी बसलेल्या चुलत भावाच्या डोक्यावर गेली.

राजांचा ढीग वेगळा. फ्रान्सचा लुई द बूर्बों. स्पेनच्या तरुण राजाचा, चार्ल्सचा, एके काळचा शिक्षक उट्रेख्टचा एड्रियन. आणि पोर्तुगालचा राजपुत्र अफोन्सो, वय वर्षं आठ. कार्डिनलपदाचे हक्क त्याला वयात आल्यावरच मिळायचे होते, पण टोपी राजघराण्यात पोचली. याचा बाप राजा मानुएल, ज्याच्या माणसांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. त्याने १५१४ मध्ये लिओकडे जो नजराणा पाठवला, त्यात भारतातून नेलेला पांढुरका हत्ती होता. हान्नो नावाचा हा हत्ती पोपसमोर तीनदा गुडघे टेकून सोंडेने पाणी उडवत होता आणि सगळं रोम बघायला लोटलं होतं. पाठोपाठ गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून लिस्बनला आणि तिथून रोमकडे निघाला, पण १५१६ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि तो गेला. पूर्वेकडच्या मुलखांवर पोपने पोर्तुगालचे हक्क मान्य करावेत, यासाठी ही सगळी धडपड होती, आणि राजपुत्राची टोपी त्याच नात्याचा भाग आहे. अफोन्सोचा धाकटा भाऊ हेन्रिक पुढे १५४५ मध्ये कार्डिनल झाला. पोर्तुगालचा मुख्य इन्क्विझिटर तोच होता आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, बसलं ते त्याच्याच अमलात. रोममधल्या एका यादीतलं घराणं असं आपल्या किनाऱ्यापर्यंत येतं.

आता पैशाचा ढीग. फ्रांचेस्को आर्मेल्लिनी आणि फेर्दिनांदो पोन्झेत्ती हे पोपच्या खजिन्यात मुरलेले लोक. त्यांच्याकडून मोठ्या रकमा आल्या हे रोममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि समकालीन लोक या नेमणुकांची एकूण कमाई लाखो डुकाटांत मोजत होते. पण ही देवघेव चालायची कशी, ते समजून घ्या. दुकानात मोजून द्यावं तसं सहसा नसे. पोपच्या दरबारातली शेकडो लहानमोठी पदं, लेखनिक, कारकून, हिशेबनीस, ही तेव्हा विकत घेता येत. एकरकमी पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं त्या पदाचं उत्पन्न खायचं. आपल्या वतनासारखंच, फक्त पुढच्या पिढीकडे आपोआप न जाणारं. असा पदधारी कार्डिनल झाला की त्याची पदं मोकळी होऊन पोपकडे परत यायची. पोप ती पुन्हा विकायचा. म्हणजे एक टोपी दिली की चार खुर्च्या विक्रीला निघायच्या. शिवाय काही जण पोपला 'कर्ज' द्यायचे, जे परत मागायचं नसतं हे दोघांनाही माहीत असे. धर्मपद विकणं हे पाप, यावर कायदा स्पष्ट होता. म्हणून तर पैसा असा वळणावळणाने फिरायचा.

आणि मग शेवटचा ढीग, ज्याच्यामुळे 'विक्री' हा शब्द तोकडा पडतो. तीन मोठ्या भिक्षू संघांचे प्रमुख त्या यादीत आहेत : डॉमिनिकनांचा तोम्माझो दे व्हिओ, ज्याला काजेतान म्हणतात, ऑगस्टिनियनांचा एजिदिओ दा व्हितेर्बो, फ्रान्सिस्कनांचा क्रिस्तोफोरो नुमाई. दारिद्र्याचं व्रत घेतलेली ही माणसं. काजेतान हा मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचा त्या काळातला सगळ्यात मोठा भाष्यकार. एजिदिओ हिब्रू शिकला, एका ज्यू पंडिताला कुटुंबासह आपल्या घरी वर्षानुवर्षं ठेवून शिकला. बोलोन्याचा कायदेपंडित लोरेन्झो काम्पेज्जो बायको वारल्यावर चर्चच्या सेवेत आला होता आणि हेन्री आठव्याच्या काडीमोडाचं प्रकरण चालवायला पुढे त्यालाच इंग्लंडला धाडलं गेलं. यांना टोपी विद्वत्तेमुळे मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. लिओला माणसांची पारख होती. चार महिन्यांनी जर्मन भिक्षू मार्टिन ल्यूथरने चर्चच्या कारभारावर टीका करणारे आपले ९५ मुद्दे मांडले आणि १५१८ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला ल्यूथरसमोर बसायला पोपच्या बाजूने गेला तो काजेतानच.

या एकतिसांपैकी एकाला तुम्ही आजही पाहू शकता. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात राफाएलने १५१८ च्या सुमारास रंगवलेलं लिओचं चित्र आहे. पोप टेबलाशी बसलाय, समोर रंगीत चित्रांचं हस्तलिखित उघडं आहे, हातात भिंग, कारण त्याची नजर अधू होती. मागे दोन कार्डिनल. डावीकडे लिओचा चुलत भाऊ जुलिओ दे मेदिची, आणि खुर्चीच्या मागे लुईजी दे रोस्सी, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून सरळ आपल्याकडे बघतोय. खुर्चीच्या कडेवर सोनेरी गोळा आहे आणि जवळ गेलात तर त्यात खोलीची खिडकी उमटलेली दिसते. मी त्या चित्रासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा लिओकडे नव्हे, रोस्सीच्या बोटांकडेच बघत राहिलो. लिओने १ जुलैला जे हवं म्हणून केलं ते त्या बोटांत आहे : आपल्या खुर्चीला धरून उभी राहणारी माणसं. रोस्सी मात्र १५१९ मध्येच वारला.

एकूण आठ बैठकांत लिओने ४२ कार्डिनल केले, त्यातले ३१ या एका दिवशीचे. तेव्हापासून कार्डिनल मंडळाची संख्या पुन्हा २४ पर्यंत कधी आली नाही. १५८६ मध्ये सिक्स्टस पाचव्याने मर्यादा घातली ती ७० ची. सभा मोठी झाली तसा एकेका कार्डिनलचा आवाज लहान होत गेला आणि पोपशी बरोबरीने बोलणारे सरदार हळूहळू त्याचे अधिकारी झाले.

पण ज्या खुर्चीसाठी हे केलं, ती मेदिचींकडे राहावी एवढं काम ही यादी लगेच करू शकली नाही. १ डिसेंबर १५२१ ला लिओ अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. ३९ कार्डिनल निवडणुकीला बसले. जुलिओ दे मेदिचीकडे मोठा गट होता, पण पुरेसा नव्हता. त्याला अडवणाऱ्यांत पुढे होता पोम्पेओ कोलोन्ना, ज्याला टोपी लिओनेच दिली होती, आणि कटाच्या प्रकरणातून वाचलेला सोदेरिनी. दिवसामागून दिवस गेले, कोणाचंच जमेना. शेवटी जुलिओने स्वतःच एक नाव सुचवलं, जे खोलीत हजरही नव्हतं : उट्रेख्टचा एड्रियन, १ जुलैच्या यादीतला, तेव्हा स्पेनमध्ये. ९ जानेवारी १५२२ ला तो पोप झाला, आणि बाहेर पडणाऱ्या कार्डिनलांना रोमच्या लोकांनी रस्त्यात शिव्या घातल्या. जुलिओची पाळी १५२३ च्या नोव्हेंबरात आली, क्लेमेंट सातवा म्हणून.

एड्रियनने आपल्या कारकिर्दीत किती कार्डिनल केले, हे विद्यार्थी हमखास विचारतात. एक. विलेम व्हान एंकेव्होर्ट, त्याचाच जुना सहकारी. तेही १० सप्टेंबर १५२३ रोजी, आजारपणात, जुन्या कार्डिनलांची नाराजी पत्करून. चार दिवसांनी एड्रियन वारला.